रोडगा, बिस्कीट आणि माझी लाल शाई

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए. प्रथम वर्षाचे निबंध तपासत होते. विषय नेहमीचाच, 'माझे गाव'. वलगावच्या पलीकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थिनीने मारुतीच्या देवळापुढच्या जेवणावळीचे वर्णन केले होते. गवऱ्यांचा जगरा, त्यात शेकलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, राखेने पांढरे झालेले काकाचे हात, असे सगळे तपशील त्यात आले होते. वाक्ये अडखळती होती, पण पाहिलेले लिहिले आहे हे उघड कळत होते. मी 'जगरा' आणि 'रोडगे' या दोन शब्दांभोवती लाल वर्तुळे काढली आणि समासात लिहिले, 'बोलीतील शब्द टाळावेत.' दहापैकी पाच गुण दिले व वही बाजूला ठेवली.

पुढच्या सत्रात संत एकनाथांची भारुडे शिकवायला घेतली. भवानीआईला रोडगा वाहण्याचा नवस बोलणाऱ्या सुनेचे भारुड सर्वपरिचित आहे. कीर्तनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, चित्रवाणीवर ते इतक्यांदा सादर झाले आहे की त्यातला प्रत्येक शब्द आपल्याला कळतो असे आपण गृहीतच धरतो. मी वर्गाला विचारले, "रोडगा म्हणजे काय?" वर्ग गप्प. एकाने भाकरी म्हटले, एकाने नैवेद्य म्हटले. ती मुलगी दुसऱ्या बाकावर होती आणि खाली मान घालून बसली होती. तास संपल्यावर मी तिला विचारले, "तुला तर माहीत होते, मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "मॅडम, मागच्या खेपेले तुमीच तं तो शब्द कापला होता."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. एकनाथांच्या रचनेत हा शब्द असला की आम्ही त्याखाली टीप देतो, आणि आमच्या विद्यार्थिनीच्या वहीत असला की त्याभोवती वर्तुळ काढतो. शब्द तोच. चारशे वर्षांपूर्वीच्या संताला असलेला अधिकार आज तो पदार्थ हाताने करणाऱ्या घरातल्या मुलीला आम्ही देत नाही. मराठीचे अध्यापन करणाऱ्या आपणा सर्वांचा हा दोष आहे असे माझे मत आहे आणि या लेखात तेच मांडायचे आहे. मात्र त्यासाठी थोडा वेळ स्वयंपाकघरात व अंगणात जावे लागेल. त्याला इलाज नाही. ज्या शब्दाचा अर्थ हातात आणि विस्तवात आहे तो शब्दकोशातून पुरता उलगडत नाही.

रोडगा म्हणजे कोणता?

पहिली अडचण अशी की महाराष्ट्रात रोडगा एकच नाही. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला वांग्याचे भरीत आणि रोडगा यांचा नैवेद्य दाखवतात. तिथला रोडगा बाजरीचा असतो, लहान आणि जाड भाकरीसारखा. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे पुष्कळ घरांत त्या दिवसापासून पुन्हा खायला घेतात. आमच्या वऱ्हाडातला रोडगा निराळा. तो गव्हाचा, गोल, मुठीत मावेल न मावेल असा आणि गवऱ्यांच्या विस्तवात भाजलेला असतो. राजस्थान-माळव्याची बाटी, बिहारची लिट्टी, खानदेशची बट्टी ही सगळी त्याची भावंडे. वऱ्हाडातच त्याची आणखी एक चपटी बहीण आहे, तिला पानगा म्हणतात, आणि कोकणात पानगा म्हटले की भलतेच काही पानात गुंडाळून पुढे येते. शब्द एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाताना आपला पदार्थ बदलून घेतात.

मग एकनाथांची सून कोणता रोडगा वाहणार होती? नाथ पैठणचे. त्यांच्या मनात भाकरीच असेल, अशी शक्यता बरीच आहे. पण हा प्रश्न वर्गात विचारल्याबरोबर भारुडाचे वाचन बदलते, हे मी अनुभवाने सांगते. आपण या रचनेचे रूपक ताबडतोब उलगडतो. सासरा, सासू, जाऊ, नणंद, नवरा म्हणजे जिवाला बांधून ठेवणारे विकार, ते सारे गेले की उरते ते एकटेपण म्हणजे मुक्ती. हे बरोबरच आहे. पण रूपकाच्या आधी विनोद आहे, आणि विनोद रोडग्यात आहे. एवढे मोठे मागणे आणि त्याची फेड काय, तर एक रोडगा! पुरणपोळी नाही, साडीचोळी नाही, सोन्याचा डोळा नाही. घरातल्या कणग्यातून मूठभर काढले तरी भागेल असे देणे. देवीशी केलेला हा सौदा ज्याला रोडग्याची किंमत ठाऊक आहे त्यालाच हसवतो.

वऱ्हाडातून वाचताना आणखी एक गंमत होते. आमच्याकडे रोडगा एकट्यासाठी कोणी करत नाही. चार माणसांसाठी जगरा पेटवणे म्हणजे गवऱ्यांची नासाडी. रोडग्यांचा स्वयंपाक म्हटला की शेतावर, देवळापुढे, नदीकाठी, पंचवीस-पन्नास माणसांचा. कणीक बाया मळतात आणि विस्तवाकडे बहुतेक पुरुष असतात. तेव्हा 'सगळ्यांना ने आणि मला एकटीला राहू दे' असे म्हणणारी सून नवस मात्र अशा पदार्थाचा बोलते, जो एकटीला करताच येत नाही. देवीने मागणे पुरवले तर नवस फेडायला माणसेच उरणार नाहीत. हा अर्थ नाथांना अभिप्रेत होता असा माझा दावा नाही. पण आमच्या वाचकाला तो दिसतो, आणि रचनेला तो विसंगतही नाही. मी लाल शाईने जो शब्द कापला होता त्यातून हे वाचन निघते. त्या मुलीने ते माझ्याआधी केले असते.

ताक, धग आणि क्रियापदे

आता कृती. आमच्या घरी आई रोडग्यासाठी गहू जाडसर दळून आणायची. पूर्वी बन्सी गहू असे, त्याची कणीक रवाळ पडते. परातीत कणीक, मीठ, जिरे, हातावर चोळलेला ओवा, तेलाचे कडकडीत मोहन. मग पाण्याऐवजी ताक. हे ताक आदल्या दिवसाचे, चांगले आंबट झालेले. सगळ्याच घरी ताक घालत नाहीत, बऱ्याच ठिकाणी नुसत्या पाण्यात भिजवतात. पण आई त्याबाबत हट्टी होती. "ताक आंबट नसन तं रोडगा गोटा होते," हे तिचे शास्त्र. त्यातले रसायन पुढे समजले. आंबट ताकातले आम्ल चिमूटभर खाण्याच्या सोड्याशी भेटले की वायू सुटतो, त्याचे सूक्ष्म बुडबुडे कणकेत अडकतात आणि भाजताना आतला भाग हलका होतो. आईला आम्ल आणि वायू हे शब्द ठाऊक नव्हते. ताक जिभेला लावून ती ठरवायची.

कणीक पोळीपेक्षा पुष्कळ घट्ट भिजवायची. तिच्या लहान लहान पाऱ्या लाटायच्या, प्रत्येकीला तेल लावायचे, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा वाटीसारख्या बसवायच्या आणि शेवटच्या पारीने तोंड बंद करून गोळा वळायचा. भाजल्यावर फोडला की तो पदरापदराने सुटतो. तिकडे अंगणात गवऱ्या रचून पेटवलेल्या असतात. जाळ असेपर्यंत रोडगे टाकायचे नाहीत. जाळ बसतो, धूर थांबतो, गवऱ्या आतून लाल आणि वरून राखेने पांढऱ्या होतात, तेव्हा तो जगरा पसरून त्यात रोडगे लावायचे. उलटसुलट करायचे. वरचे कवच घट्ट झाले की फुफाट्यात पुरायचे. आतपर्यंत शेकले की ते उलतात, म्हणजे त्यांना चिरा पडतात. मग फडक्यात घेऊन राख झटकायची, मुठीने फोडायचे आणि वर तूप. ज्याच्या घरी तूप नाही त्याने तेल घ्यावे, चव कमी होत नाही.

या एका कृतीत मराठीची किती क्रियापदे राबतात ते पाहावे. कणीक भिजते, मळली जाते, मुरते. गोळा वळतात. रोडगा लावतात, शेकतात, पुरतात, तो उलतो, फुटतो. चुकला तर करपतो, कच्चा राहिला तर आत गिच्च लागतो. विस्तवाचीही अशीच वेगवेगळी नावे आहेत. जाळ निराळा, निखारा निराळा, आर निराळा, फुफाटा निराळा, धग निराळी. धग दिसत नाही, लागते. रोडगा भाजतो तो धगीवर, जाळावर नाही. उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे नाव 'धग' आहे. कौतिकची कथा शिकवताना मी कित्येक वर्षे या शीर्षकाचा अर्थ 'दारिद्र्याचे चटके' असा सांगत आले. चटका क्षणाचा असतो. धग म्हणजे ज्वाला न दिसता दीर्घकाळ भाजत राहणारी आच. कौतिकचे आयुष्य कोणत्या तऱ्हेने जळते याचे इतके नेमके वर्णन त्या एका शब्दात आहे, आणि मी तो फुलवून सांगायच्या ऐवजी दुसऱ्या, सैल शब्दाने झाकत होते. जगऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

बिस्किटाचा घोळ

माझी मामेबहीण गेली काही वर्षे अमेरिकेत, जॉर्जिया राज्यात असते. तिने तिथल्या शेजारणीकडून ताकातली बिस्किटे करायला शिकली आणि मोठ्या उत्साहाने मला फोनवर कृती सांगितली. मैदा, मीठ, सोडा, थंड लोणी बोटांनी चुरायचे, ताक ओतायचे, हात फार लावायचा नाही, घड्या घालून थापायचे, गोल कापायचे आणि कडक तापलेल्या भट्टीत पंधरा मिनिटे ठेवायचे. "ताई, म्हणजे बिस्कीट नाही गं ते," ती म्हणाली, "आपला रोडगाच समज. रश्श्यासोबत खातात."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अनुवादाच्या अभ्यासपत्रिकेसाठी मी एकदा स्वतः रचलेला उतारा मुलांना दिला होता. त्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडची एक आजी सकाळी ताकातली बिस्किटे भाजते आणि नातवंडे ती गरम गरम रश्श्यात बुडवून खातात, असे इंग्रजीत होते. झाडून सगळ्यांनी 'ताकाची बिस्किटे' असे भाषांतर केले होते आणि मी ते बरोबर धरले होते. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील? चहात बुडवायचे, गोड, कुरकुरीत, पुड्यातून निघणारे बिस्कीट. भाषांतर शब्दशः अचूक, आणि आजीच्या घरातली न्याहारी मात्र पार नाहीशी झाली.

या शब्दाचा प्रवासच विचित्र आहे. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेले'. जहाजावर महिनोन् महिने टिकावी म्हणून कोरडी ठणठणीत केलेली ती रोटी. इंग्लंडमध्ये ते गोड व कुरकुरीत झाले आणि तेच रूप इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले. अमेरिकेत तोच शब्द एकदाच भाजलेल्या, मऊ, पदर सुटणाऱ्या आणि अजिबात न टिकणाऱ्या पावाला चिकटला. म्हणजे अमेरिकन बिस्किटाने शब्दाचा मूळ अर्थ पुरता उलटा केला.

आपल्याकडच्या बिस्किटाचाही इतिहास केवळ पुड्यातला नाही. पार्ल्याच्या कारखान्यात १९३९ साली बिस्किटे निघू लागली खरी, पण आमच्या लहानपणी मोठी खरेदी व्हायची ती गावातल्या भट्टीवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीआधी मैदा, साखर, डालडा घेऊन आई आम्हाला भट्टीवर पाठवायची. तिथे आमच्याच सामानाची नानकटाई आणि बिस्किटे पाडून मिळत. पत्र्याचा डबा गरम गरम घरी यायचा. आपला डबा दुसऱ्याच्या डब्यात मिसळू नये म्हणून तिथे तासन् तास बसावे लागे. हे 'घरचे' बिस्कीट होते की 'बाहेरचे'? सामान घरचे, विस्तव बाहेरचा. वऱ्हाडातली आमची पिढी या दोहोंच्या मधल्या पायरीवर वाढली. तिचे चित्रण मराठी ललित गद्यात अजून यायचे आहे.

मग अनुवादकाने काय करावे? 'रोडगा' लिहावे काय? तसे केल्यास जॉर्जियातली आजी वलगावला येऊन बसेल. 'बिस्कीट' लिहिल्यास ती बेकरीत जाईल. माझे मत असे की पहिल्या उल्लेखात 'ताकात भिजवून भाजलेले मऊ पाव' असे साधे वर्णन यावे आणि पुढे शब्द कोणताही चालेल. महत्त्वाचे हे की अनुवादकाला पदार्थ ठाऊक हवा. तो ठाऊक होण्याचा सर्वात जवळचा रस्ता आपल्या पदार्थावरून जातो. ज्या विद्यार्थ्याने ताकातला रोडगा उलताना पाहिला आहे त्याला ताकातले बिस्कीट समजायला एक वाक्य पुरते. ज्याला आपण रोडगा विसरायला लावला त्याच्याजवळ तुलनेला फक्त पुडा उरतो.

आठवणीतले न सांगितलेले

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अन्नाविषयी लिहिताना आपण फार लवकर हळवे होतो. गवऱ्यांचा धूर, आईचा हात, गावची पंगत. माझ्या लहानपणच्या त्या पंगतीत सगळे होते असे मी परवापरवापर्यंत सांगत असे. नीट आठवले तर सगळे नव्हते. काही घरांतली माणसे देवळाच्या ओट्याखाली, वेगळ्या ओळीत, शेवटी जेवायची. लाकूड-गवऱ्या वाहून त्यांनीच आणलेल्या असत. अमेरिकन बिस्किटाचीही गोष्ट अशीच आहे. सोडा बाजारात सहज मिळू लागण्याआधी कणीक हलकी व्हावी म्हणून ती लाकडी दांड्याने बराच वेळ बडवावी लागे. दक्षिणेकडच्या मोठ्या घरांत ते काम गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांकडे असे. चव मालकिणीच्या नावाने प्रसिद्ध झाली.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. मराठी पाकपुस्तकांनी कोणाची चूल पाहिली आणि कोणाची पाहिलीच नाही, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याच्या मापांनी हजारो घरांना स्वयंपाक शिकवला, ते ऋण मोठे आहे. पण वाटी आणि चमचा हे ज्या घरात आहेत त्या घराचे ते माप होते. मूठ, ओंजळ, पसा, चिमूट ही मापे कोणाच्याही अंगाला जोडलेली असतात. त्यांनाही भाषेत जागा हवी.

वलगावला राहून हा विषय काढायचा आणि गाडगेबाबांचे नाव घ्यायचे नाही, हे शक्य नाही. अमरावतीकडे येताना याच गावाजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. आमच्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. हातात फुटके गाडगे घेऊन हिंडणाऱ्या या माणसाने नवसाला बोकड कापणाऱ्यांना कीर्तनात उभे-आडवे घेतले, भुकेल्याला अन्न हाच देव असे सांगितले, आणि हे सारे वऱ्हाडी बोलीत सांगितले. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात, त्यांच्याच बोलीतला शब्द मी 'टाळावा' म्हणून कापला. विडंबन म्हणावे असा हा प्रकार आहे आणि विडंबनाचा विषय मी आहे.

आक्षेप

एका सहकारी मित्राने हे सारे ऐकून म्हटले, "साहित्याच्या वर्गात पाककृती कशाला? उद्या तुम्ही चूल मांडाल." दुसऱ्या एका बाई म्हणाल्या, "मुलांना प्रमाण भाषा आली नाही तर नोकरी कोण देईल?" दोन्ही आक्षेप गंभीर आहेत.

पहिल्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. रोडगा कळला नाही तर भारुडातला विनोद कळत नाही, धग कळली नाही तर कादंबरीचे नाव कळत नाही, आणि भाजण्यातले फरक कळले नाहीत तर अनुवाद चुकतो. हे साहित्याच्या मधोमध असलेले प्रश्न आहेत. दुर्गाबाई भागवतांसारख्या विदुषीने 'खमंग' लिहिले तेव्हा त्या साहित्याबाहेर गेल्या असे कोणी म्हटले नाही.

दुसरे उत्तर अवघड आहे. प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे, त्याबद्दल मला शंका नाही. अर्ज, अहवाल, परीक्षा तिच्यातच होणार. पण 'रोडगा' या शब्दाला प्रमाण भाषेत पर्यायच नाही. मी शब्द कापला, त्या जागी काय लिहावे ते सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही नव्हते. 'टाळावा' याचा अर्थ त्या मुलीने वेगळाच घेतला, आणि योग्यच घेतला, की ही गोष्टच लिहू नये. 'मले' ऐवजी 'मला' लिही असे सांगणे म्हणजे भाषा शिकवणे. रोडग्याविषयी लिहू नको असे सांगणे म्हणजे तिचे घर वहीबाहेर काढणे. या दोहोंतला फरक मला चाळिशीत समजला, तो तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर उत्तमच.

भट्टीतला रोडगा

गेल्या हिवाळ्यात मी घरी रोडगे केले. आई आता थकली आहे, अंगणात फरशी झाली आहे, आणि शेजारी धुराची तक्रार करतात. त्यामुळे विजेच्या भट्टीत. तीन वाट्या जाडसर कणीक, पाव वाटी तेलाचे मोहन, मीठ, जिरे, ओवा, दोन चिमटी सोडा, आणि भिजेल इतके आंबट ताक. गोळे वळून दोनशे अंशांवर सुमारे पस्तीस-चाळीस मिनिटे, मध्ये एकदा उलटवून. पहिला घाणा बिघडला. ताक जास्त झाले, रोडगे बसले आणि आत गिच्च राहिले. दुसऱ्या घाण्याला कणीक घट्ट भिजवली, ते छान उलले. आईने एक फोडला, वास घेतला, म्हणाली, "चांगला झाला. पण धूर नाई."

धूर नाही हे खरेच आहे. तरी तो रोडगाच होता. विस्तव बदलला म्हणून पदार्थाचे नाव काढून घेण्याच्या मी विरुद्ध आहे. तसे केले तर येत्या वीस वर्षांत वऱ्हाडातल्या बहुतेक घरांत रोडगा हा शब्द वापरायला कारणच उरणार नाही. शब्द शुद्ध ठेवून मारण्यापेक्षा थोडा बदलून जगू द्यावा. मराठीचे आजवर असेच चालले आहे, नाहीतर खंडोबाचा बाजरीचा रोडगा आणि आमचा गव्हाचा रोडगा एका नावाने नांदले नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आमच्याच जिल्ह्यात, महानुभावांच्या रिद्धपूरला, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. पण अभिजातपणाचे पुरावे शोधताना आपण ताम्रपट, शिलालेख, पोथ्या पाहिल्या आणि ते योग्यच होते. पुढचे काम वहीतले आहे. तेराव्या शतकातल्या मराठीचा एकेक शब्द जपणारे आपण, या वर्षीच्या प्रथम वर्षाच्या वहीतल्या शब्दांशी कसे वागतो, यावर त्या दर्जाचा उपयोग ठरेल.

म्हणून एक लहानशी सूचना. मराठी विभागांनी दर वर्षी एक गृहपाठ असा द्यावा की प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातला एक पदार्थ निवडावा, तो करणाऱ्या माणसाशेजारी बसावे, आणि त्या माणसाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे टिपून कृती लिहावी. साधने, मापे, विस्तव, क्रियापदे, आणि पंगतीत कोण कुठे बसत असे तेही. गुण शब्दांना द्यावेत. मी गेली तीन वर्षे हे करते आहे. माझ्याजवळ जमलेल्या वह्यांत भाजण्यासाठीच इतके शब्द आहेत की त्यांतले निम्मे मला शिकवावे लागले, म्हणजे मुलांनी मला शिकवले.

ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हाच गेली. मी तिची माफी मागितली नाही, तेव्हा ते सुचले नाही आणि पुढे संधी मिळाली नाही. वह्या तपासताना आता हाती लाल शाई असतेच. बोलीतला अनोळखी शब्द दिसला की त्याखाली रेघ मारते आणि समासात लिहिते, 'हे कसे करतात ते सांग.'